बाबांना लागलंय: ईव तांगी प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून, शनिवार

ईव तांगी या फ्रेंच चित्रकारावर कार्यक्रम करायला वाचनालयाच्या काकांनी आज एकदाचा होकार दिला. ३ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी ५, वरचा हॉल. प्रोजेक्टर त्यांचा, पडदा आपण आणायचा, खुर्च्या ४० आहेत त्यातल्या ६ मोडक्या. आता मागे फिरता येणार नाही म्हणून आजपासून नोंदी ठेवायला घेतल्या. रोज नाही जमणार, पण जे झालं ते त्याच दिवशी लिहायचं, नंतर आठवून लिहिलं की सगळं गोड होऊन जातं.

काका आधी तयार नव्हते. गणपती तोंडावर आले की लालबागमध्ये माणूस जागेवर सापडत नाही, त्यात परदेशी चित्रकार, त्यात अतिवास्तववाद, म्हणजे स्वप्नात दिसल्यासारखी चित्रं, कोण येणार ऐकायला असं म्हणाले. मी म्हटलं काका, हा माणूस कुठल्याच आर्ट स्कूलला गेला नव्हता, २३ वर्षांचा होईपर्यंत चित्रकार व्हायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं, आणि आपल्या गल्लीत दर चार घरांआड असा एक हात आहे ज्याला कोणी शिकवलेलं नाही, कोण रांगोळी काढतं, कोण मखर बनवतं, कोण दुकानाच्या पाट्या रंगवायचं ते फ्लेक्स आल्यापासून बंद झालं. त्यांच्यासाठी करायचंय मला हे. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग चहा सांगितला, म्हणजे हो.

तर काम तीन भागात. एक, मराठीत ६ फलक, हॉलच्या भिंतीवर लावायला. दोन, ४० मिनिटांचं बोलणं, स्लाइडसकट. तीन, हे माझ्यासाठी, तांगीच्या पद्धतीने एक कॅनव्हास करून बघायचा. कॉपी नाही करायची. त्याचा हात कसा चालत असेल ते माझ्या हाताला कळलं पाहिजे, नाहीतर मी फक्त वाचलेलं बोलणार.

वेळ: ऑफिस सुटून मस्जिद बंदरवरून घरी यायला साडेसात, जेवणंखाणं, म्हणजे रात्री १० नंतर आणि रविवार.

२२ जून, रविवार

आज दिवसभर त्याचं आयुष्य ओळीत लावत बसले. पहिल्या फलकासाठी.

ईव तांगी. जन्म ५ जानेवारी १९००, पॅरिस, तोही नौदलाच्या मंत्रालयाच्या इमारतीत, कारण वडील नौदलातले जुने कॅप्टन आणि बिऱ्हाड तिथेच. घराणं मूळ ब्रिटनी प्रांतातलं, फ्रान्सचं पश्चिमेचं टोक, समुद्राने कुरतडलेलं. १९०८ मध्ये वडील गेले. पुढे आईने लोक्रोनान नावाच्या छोट्या गावात घर केलं, तिथून द्वारनने नावाचं उपसागराकाठचं बंदर जवळच. त्या उपसागराच्या पोटात ईस नावाचं शहर बुडालेलं आहे अशी तिकडची दंतकथा आहे, आपल्या द्वारकेसारखी. त्या भागात माणसांनी हजारो वर्षांपूर्वी उभे केलेले दगड जागोजागी आहेत, माळावर एकटेच उभे. सुट्टीला मुलगा तिथे हुंदडायचा. ही माहिती मी फलकावर मुद्दाम मोठ्या अक्षरात घेणार आहे, कारण लोक त्याची चित्रं बघून पहिल्यांदा हेच विचारतात की हे सुचलं कुठून.

१९१८ मध्ये व्यापारी जहाजांवर उमेदवार म्हणून लागला, आफ्रिका, दक्षिण अमेरिका फिरला. १९२० ला सक्तीची लष्करी नोकरी, तिथे झाक प्रेव्हेर भेटला, जो पुढे मोठा कवी झाला, दोघांची गट्टी. १९२२ ला पॅरिसला परत, पडेल ते काम, आणि कॅफेत बसून कागदावर रेघोट्या.

मग ती बसची गोष्ट. १९२३. तांगी बसमधून चाललाय, रस्त्यावर पॉल गियोम यांची गॅलरी, तिच्या काचेत एक चित्र लावलेलं, उघड्या अंगाचा मिशीवाला माणूस, डोळे मिटलेले, पुढ्यात पिवळं पुस्तक. जॉर्जो दे किरिकोचं १९१४ सालचं 'मुलाचा मेंदू'. ते बघून हा बसमधून खाली उतरला, चालत परत गेला, काचेपुढे उभा राहिला, आणि त्यानंतर चित्रं काढायला लागला. याच्याही आधी आंद्रे ब्रतोंने, म्हणजे ज्याने पुढे १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला त्याने, हेच चित्र असंच बसमधून बघितलं होतं आणि तोही उतरला होता, आणि त्याने तर ते विकतच घेतलं असं सांगतात. एका चित्राने दोन माणसं बसमधून खाली ओढली. आता ते स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे.

मला ही गोष्ट सांगताना जपून सांगायची आहे. लोक ती चमत्कारासारखी सांगतात, बसमधून उतरला आणि चित्रकार झाला. तसं नाही होत. उतरल्यावर पुढची तीन वर्षं त्याने जे काढलं ते कच्चं आहे, १९२५ चं 'रू द ला साँते' बघा, रस्ता आहे, भिंती आहेत, घरं कलंडलेली, हौशी हाताचं काम कळतं. आणि मग १९२६-२७ मध्ये एकदम ती मोकळी जागा येते, जिथे जमीन आणि आभाळ एकमेकात विरघळलेलं असतं, आणि तिथून तो मरेपर्यंत हलला नाही. त्या तीन वर्षांत काय झालं तेच मला शोधायचंय. तीन वर्षं खराब चित्रं काढायला जी छाती लागते तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. कव्हर फाटलेलं, पानं ओली होऊन फुगलेली, एका पानावर राखाडी चित्र. बस नव्हती, पण लोकल सोडली त्या दिवशी, दोन सोडल्या.

२९ जून, रविवार

कॅनव्हास ताणून घेतला, १८ बाय २४ इंची. जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, तीन हात, मधे मधे पॉलिश पेपर. तांगीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, ब्रशचा माग दिसत नाही, म्हणून खरखरीत कापड चालणार नाही.

आमची खोली १० बाय १२. ईझल उघडलं की कपाट उघडत नाही. मुलगा म्हणाला आई दोन कॅनव्हास एकदम चालू कर म्हणजे एक सुकेपर्यंत दुसरा. अरे ठेवू कुठे. आणि मग आठवलं की तांगीबद्दल हेच लिहिलेलं आहे, पॅरिसमध्ये त्याची काम करायची जागा इतकी लहान की ओलं चित्र एकच मावायचं, आणि तो एका वेळी एकच चित्र धरून त्यातच बुडून जायचा. ब्रतोंने वर्षाला १२ चित्रं द्यायचा करार करून त्याला ठराविक पैसे लावून दिले होते, पण १२ काही झाली नाहीत, ८च झाली म्हणतात. मला ते वाचून फार बरं वाटलेलं. आमच्या चाळीत जे करतात ना, कोणी कागदी फुलं, कोणी पेटीवर रियाज, सगळे अशाच जागेत करतात, पलंगाची कड आणि खिडकीची चौकट यांच्या मधे, आणि जागा लहान असली की काम हाताखालून सुटत नाही, दिवसरात्र तेच डोळ्यासमोर, जेवताना पण.

पहिला थर दिला. पाच छटा वाट्यांमध्ये कालवून घेतल्या, टायटॅनियम व्हाइट, आयव्हरी ब्लॅक, रॉ अंबर, चिमूटभर अल्ट्रामरीन. खाली गडद, वर जाताना फिकट. पट्टे मारले आणि कोरड्या मऊ ब्रशने आडवे ओढत एकमेकात मिसळले.

नाही झालं. पट्टे दिसतायत. मधोमध एक रेघ स्पष्ट, समुद्र आणि आभाळ वेगळे. रात्री दीड वाजता कापडाने सगळं पुसून काढलं.

२ जुलै, बुधवार

परत पुसलं.

६ जुलै, रविवार

आषाढी. उपासाची खिचडी, मग काम.

आज शीर्षकं मराठीत करायची होती. तांगीचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन १९२७ ला पॅरिसच्या गॅलेरी स्युररेआलिस्तमध्ये झालं, तेव्हा चित्रांना नावं द्यायला तो आणि ब्रतों एक अख्खी दुपार मनोविकारांची पुस्तकं चाळत बसले होते, रुग्णांनी डॉक्टरांपुढे जी वाक्यं उच्चारली ती शोधत. म्हणजे नाव चित्रातून निघालेलं नाही, बाहेरून कोणाचं तरी तुटकं वाक्य आणून शेजारी ठेवलंय. बघणारा मग दोन्हीच्या मधे अडकतो.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं, १९२७ चंच, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे, ९२ बाय ७३ सेंटीमीटर. मोकळं धुरकट मैदान, उजवीकडे एक उंच केसाळ खांब, बारीक रेषांची एक जाळी, दोन चार गोळे आणि त्यांच्या काळ्या सावल्या. नाव फ्रेंचमध्ये जे आहे त्याचं शब्दाला शब्द मराठी म्हणजे 'आई, बाबा जखमी झाले आहेत!'

हे चालणार नाही. असं कुठलंही पोर बोलत नाही. जखमी पेपरात होतात. भाच्याने सुचवलं 'आई, बाबा घायाळ!' ते नाटकातलं झालं. संध्याकाळपर्यंत कागदावर आठ दहा प्रकार लिहून बघितले आणि एकही बरोबर वाटेना, मग मी ते मोठ्याने बोलून बघितलं, एकदम, आत स्वयंपाकघरात आई आहे असं समजून. तोंडातून आलं, "आई, बाबांना लागलंय!"

आणि मला पुढचं काम सुचेना थोडा वेळ, कारण हे मी बोललेली आहे. १९८० असेल, मी सहा वर्षांची. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, तिसरी पाळी. धोटा उडाला. ज्यांनी साचा चालताना बघितलाय त्यांना माहितीये धोटा म्हणजे काय, लाकडाचा, दोन्हीकडे टोकदार, टोकाला लोखंड, ताण्याच्या मधून इकडून तिकडे मारला जातो, आणि कधी सुटला तर बंदुकीसारखा. बाबांच्या भुवईच्या वर लागला. त्यांना दोन जणांनी धरून वर आणलं आणि दार मी उघडलं. मला रक्ताचं फार आठवत नाही, कोणीतरी पंचा बांधला होता. आठवतं ते हे की केसांवर, मिशीवर, हाताच्या लवीवर सगळीकडे कापसाचे तंतू चिकटलेले होते, रोजच असायचे, पण पिवळ्या बल्बच्या उजेडात ते सगळे उभे दिसत होते, बाबा आहेत तरी बाबा वाटत नव्हते, केसाळ काहीतरी दारात उभं होतं.

तांगीच्या चित्रात गिरणी नाही, हे मला कळतं. त्याला मुंबई माहीत नव्हती आणि त्याने ते वाक्यही पुस्तकातून उचललं. पण चित्र समजत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगणार आहे की अर्थ लावू नका, ते वाक्य मोठ्याने बोला आणि मग बघा.

फलक २ चं नाव ठरलं. 'आई, बाबांना लागलंय!'

१३ जुलै, रविवार

गुरुवारी पौर्णिमा झाली म्हणजे अजून उधाणाचे दिवस, ओहोटीही तशीच खोल. सकाळी साडेपाचला निघाले, करी रोडवरून दादर, पूल चढून वेस्टर्नला, वांद्र्याला उतरून रिक्षाने बँडस्टँड. साडेसातच्या सुमाराला पाणी पार आत गेलेलं. काळे खडक उघडे, त्यांच्यात डबकी, डबक्यात खेकडे, चपला, दोरखंडाचे तुकडे, प्लास्टिक.

पाऊस नव्हता पण आभाळ भरलेलं, आणि क्षितिज नाहीच. म्हणजे अक्षरशः नाही. पाणी कुठे संपतं आणि ढग कुठे सुरू होतात ते कितीही डोळे ताणले तरी सापडेना. एक होडी होती ती हवेत लटकल्यासारखी. मी रेलिंगला टेकून तासभर बघत बसले आणि माझी चूक कळली. मी घरी वरचा पट्टा फिकट आणि खालचा गडद असं एका दिशेने करत होते. इथे तसं नव्हतं. पायाशी गडद, मग फिकट होत जातं, जिथे क्षितिज असायला पाहिजे तिथे सगळ्यात फिकट, आणि वर परत गडद. सगळ्यात जास्त उजेड त्या नसलेल्या रेषेत. जमीन वर जाताना उजळते आणि आभाळ खाली येताना उजळतं आणि दोघं तिथे एकमेकांना गिळतात.

घरी येऊन फुगलेलं पुस्तक काढून बघितलं तर त्या राखाडी चित्रात तसंच आहे. वीस वर्षं बघत होते, दिसलं नव्हतं.

ब्रिटनीच्या त्या किनाऱ्यालाही मोठी भरती ओहोटी असते, पाणी आत गेलं की तळ उघडा पडतो, वाळूवर सुटे सुटे दगड, प्रत्येकाची सावली. त्याची चित्रं समुद्राच्या तळाची आहेत असं पुष्कळांनी लिहिलंय. मला वाटतं ओहोटीची आहेत.

१९ जुलै, शनिवार

आज पार्श्वभूमी जमली. अंबर लवकर सुकतो आणि पांढरा, काळा रेंगाळतात, म्हणून अंबरवाला खालचा भाग सगळ्यात शेवटी लावला. हवा इतकी दमट की बाकीचं चार तास हलवता येत होतं. शेवटचा हात नुसता पिसासारखा, ब्रशचं टोक जेमतेम टेकवत. रेघ गेली.

पहाटे तीन वाजता मुलाला उठवून दाखवलं, बिचारा हो म्हणाला आणि झोपला.

२० जुलै, रविवार

तात्या आले होते बघायला. तात्या म्हणजे आमच्या मजल्यावरचे, कारखान्यात गणपतीची आखणी करतात, डोळे, चाळीसच्या वर वर्षं झाली. सध्या त्यांना मान वर करायला वेळ नाही, तरी आले, कारण मी मागे लागले होते.

पुस्तकातलं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. हाडासारखे, गोट्यांसारखे, वितळलेल्या मेणासारखे आकार, कशाचंच नाव सांगता येत नाही. तात्यांनी चष्मा वर केला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. अतिवास्तववाद वगैरे मी काही बोलले नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "अगं, वस्तू कसली आहे ते कळत नाही, पण ती तिथं आहे. बसलीय." मग बोट ठेवलं सावलीवर. म्हणाले आम्ही डोळा काढतो तेव्हा वरच्या पापणीखाली एक हलकी सावली देतो, केसाएवढी. ती दिली की बुबुळ आत जाऊन बसतं. नाही दिली तर कितीही रेखीव काढ, डोळा चिकटवल्यासारखा दिसतो, मूर्ती बघत नाही. याने प्रत्येक वस्तूला पापणी दिलीय.

मी हे तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं आणि हेच सांगणार आहे ३ तारखेला. कारण शोधत होते ते हेच. कोणी शिकवलं नाही म्हणजे शिकला नाही असं नाही. सुचेल ते रंगवणारे त्या काळात पॅरिसमध्ये शेकड्याने होते. तांगी काय येणार ते आधी ठरवत नसे, कच्चं रेखाटन न करता आकार येऊ द्यायचा, पण आलेल्या आकाराला जमिनीवर बसवायचं कसं, उजेड कुठून येतोय ते दिसत नसताना सावली ठाम कशी टाकायची, हे त्याने स्वतः स्वतःला घासून घासून शिकवलं. ही विद्या आहे. कारखान्यातल्या हाताची विद्या.

आणि माझं एक. शाळेत एलिमेंटरीला बसले होते, वस्तुचित्रात तांब्या आणि वांगी होती, वर्गात सरावाला सरांनी माझा कागद सगळ्यांना दाखवला, सावली उजेडाच्याच बाजूला टाकलीय या मुलीने, हिला बघता येत नाही. सी ग्रेड आली. त्यानंतर १५ वर्षं मी पेन्सिल धरली नाही. तेव्हा कोणी एवढं जरी सांगितलं असतं की सावली वस्तूला बसवण्यासाठी असते, बरोबर की चूक ते नंतर, तरी पुरे होतं. हॉलमध्ये शाळेची मुलं येणार आहेत काकांच्या ओळखीची, त्यांना आधी हे सांगेन.

२७ जुलै, रविवार

फलक छापून आले. पाच बरोबर, पहिल्यावर तांगीचा टांगी झालाय, ५ फुटांवरून दिसतोय. दुकानदार म्हणतो फाइलमध्ये तसंच होतं. फाइल माझ्याकडे आहे, तसं नव्हतं. परत छापायचे पैसे मागतोय, दिले नाहीत, पांढऱ्या कागदावर त सुबक काढून वर चिकटवला. तात्यांच्या हातचा त आहे, छापलेल्यापेक्षा चांगला दिसतो.

शेवटच्या दोन फलकांचा मजकूर मला अजून वाचावासा वाटतो म्हणून इथे थोडक्यात. केय सेज, अमेरिकन, तीसुद्धा बरीचशी स्वतःच शिकलेली चित्रकार, आधी एका इटालियन राजपुत्राची बायको, ते सोडून पॅरिसला आली. तांगीचं आधीचं लग्न होतं. युद्ध सुरू झालं, तो १९३९ च्या शेवटी तिच्या मागे न्यूयॉर्कला गेला, १९४० मध्ये लग्न, मग कनेटिकटमधल्या वुडबरी गावात शेतघर, धान्याच्या कोठारात दोघांचे दोन स्टुडिओ. त्याची चित्रं विकायचा तो पिएर मातिस, प्रसिद्ध मातिसचा मुलगा आणि तांगीचा शाळासोबती. अमेरिकेत आकार मोठे झाले, टणक झाले, रंग चढला, तो स्वतः म्हणायचा की फरक पडला असेल तर रंगात, तिथल्या उजेडामुळे, आणि जागा मोठी वाटते म्हणून.

१९५४ चं 'कमानींचा गुणाकार', ४० बाय ६० इंच, म्हणजे आमच्या पलंगाच्या जवळपास. यात मोकळी जागा संपलीय. क्षितिजापर्यंत दगडच दगड, एकाला एक खेटून, मुंगी शिरायला फट नाही, आणि प्रत्येक दगडाला त्याची त्याची सावली. परळच्या पुलावरून खाली बघितलं की पूर्वी चाळींची छपरं अशी दिसायची. जन्मभर रिकाम्या मैदानात चार वस्तू ठेवणाऱ्या माणसाने शेवटी मैदान भरून टाकलं. १५ जानेवारी १९५५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेला, ५५ वर्षांचा.

केयने पाच महिने ब्रश धरला नाही. मग डोळे अधू होत चालले असताना त्याच्या एकेका चित्राची नोंद करत बसली, ते पुस्तक १९६३ ला निघालं, त्याच वर्षी जानेवारीत तिने स्वतःला संपवलं होतं. पिएर मातिसने दोघांच्या अस्थी द्वारननेच्या किनाऱ्यावर नेऊन सोडल्या.

भाच्याने विचारलं ही चित्रं पडद्यावर दाखवायला परवानगी लागते का. आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे २०१५ च्या अखेरीस संपला.

३ ऑगस्ट, रविवार

झालं. ३१ जण. मोडक्या खुर्च्या काढाव्या लागल्या नाहीत.

शाळेची ७ मुलं, कारखान्यातली ५ पोरं रंगाच्याच हातांनी आली, तात्या, चाळीतल्या बायका, काका शेवटच्या रांगेत. पडद्यासाठी बेडशीट इस्त्री करून नेली तरी मधोमध घडी राहिलीच, आणि ती नेमकी तांगीच्या आभाळातून जात होती, मला ती सारखी खुपत होती. बसची गोष्ट लोकांना आवडली. ओहोटीचे मी मोबाइलवर काढलेले फोटो आणि त्याचं चित्र शेजारी शेजारी लावलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, अरे हे तर आपलं बँडस्टँड. माझा कॅनव्हास नेला होता, नुसती पार्श्वभूमी, त्यावर काहीच नाही, तोही दाखवला आणि दोनदा पुसला ते सांगितलं. एका मुलीने विचारलं यावर काय काढणार. म्हटलं अजून माहीत नाही. तिला ते पटलं नाही, पण तिने लिहून घेतलं.

'आई, बाबांना लागलंय!'ची स्लाइड आली तेव्हा मी ठरवल्याप्रमाणे सगळ्यांना ते वाक्य मोठ्याने बोलायला लावलं. पहिल्यांदा लाजले. दुसऱ्यांदा ३१ जण एकदम बोलले आणि हॉल गप्प झाला. मग मी बाबांचं सांगितलं, धोटा, तिसरी पाळी, दार, कापूस.

माझी आई पहिल्या रांगेत होती, ७८ वर्षांची, गुडघे दुखतात तरी वरचा जिना चढून आलेली. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "तिसरी नाही गं. दुसरी पाळी होती. साडेनऊ वाजले होते, तू जागी होतीस म्हणून तर ओरडलीस." मग मागे वळून तात्यांना म्हणाली, "तुम्हीच आणलंत ना त्यांना वर." तात्या म्हणाले, "मी आणि अजून एक होता."

मला हे माहीतच नव्हतं. ४५ वर्षं एका मजल्यावर राहतोय.

पुढचं बोलणं कसं झालं ते नीट आठवत नाही, पण केयपर्यंत पोचले आणि वेळेत संपवलं.

१० ऑगस्ट, रविवार

फलक वाचनालयातच राहणार, काका म्हणाले विसर्जनापर्यंत काढू नकोस, कारखान्यातली पोरं येऊन वाचतायत.

कॅनव्हास हाताला लागत नाही इतपत सुकलाय. आज संध्याकाळी पहिला आकार आला, डावीकडे खाली, लांबट, कशाचा ते विचारायचं नाही असं ठरवलंय. त्याची सावली टाकायला दोन तास गेले, तीन वेळा खरवडली, चौथ्यांदा बसली. उद्या तात्यांना दाखवायचं, रात्री साडेअकरानंतर, कारखाना सुटला की.

दुरुस्ती: ६ जुलैच्या नोंदीत तिसरी पाळी लिहिलं आहे ते दुसरी पाळी असं वाचावं. वर आणणाऱ्या दोघांपैकी एक तात्या.